जखम भरली: होय

शुक्रा साठाव्या दिवशी पूर्ण बरा झाला आणि त्रेसष्टाव्या दिवशी मेला. यातला दुसरा भाग खोटा आहे असं नाही. पण अभ्यासाची मुदत साठ दिवसांची होती आणि त्या साठ दिवसांत तो मेलेला नव्हता, म्हणजे तो मेलेलाच नव्हता. शुक्राचा मुलगा उमेश याला पगार त्या अभ्यासातूनच मिळत असल्याने त्याचंही मत हेच होतं. तेव्हा आपणही तसंच धरून चालू. शुक्रा बरा आहे. तलासरीकडे उधव्याच्या पाड्यावर पडवीतल्या बाजेवर बसून तो उरलेल्या पायाने कोंबड्या हाकलतो आहे, आणि इकडे डहाणूत, लग्नाला भाड्याने देतात अशा एका हॉलमध्ये, उमेश लॅपटॉपसमोर बसून बाण काढलेलं एक बटण दाबतो आहे. बटण दाबलं की भिंतीवरचं चित्र बदलतं. एवढंच काम. २०१९ सालच्या फेब्रुवारीतल्या त्या सकाळपासून अठरा वेळा त्याने ते बिनचूक केलं होतं. एकोणिसाव्या चित्राला बोट अडलं.

चित्रात एक पाय होता. म्हणजे गुडघ्यापर्यंत होता आणि तिथून वीतभर खाली विषय संपला होता. गोल, तुळतुळीत खुंट, त्यावर तिरकी पुसट रेघ, एक टाका उसवलेला नाही, पू नाही, कुठे काळं नाही. वर अभ्यास चालवणाऱ्या डॉक्टर चुरी मॅडमनी इंग्रजीत लिहिलं होतं: रुग्ण अठ्ठावीस, गट ब, परिणाम उत्कृष्ट. हॉलमध्ये वापी, बोईसर, पालघर इकडून आलेले तीसेक डॉक्टर होते. पुढच्या रांगेतल्या एकाने, त्याच्या खुर्चीला आदल्या लग्नातली गुलाबी रिबीन तशीच बांधलेली होती, ‘वा’ असं म्हटलं आणि दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या. बापाच्या पायाला टाळ्या पडल्या तर मुलाने काय करायचं असतं, याची रीत उधव्यात कोणी घालून दिलेली नाही. उमेशने आभाराची मान हलवायला घेतली आणि अर्ध्यात थांबवली, कारण चित्राच्या डाव्या कोपऱ्यात त्याला एक अंगठा दिसला. फोटो त्यानेच काढलेला, त्यानेच कातरलेला. चेहरा नको, कपडे नकोत, ओळख पटेल असं काहीच नको, हा नियम. त्याने बाजेची दोरी कातरली होती, सारवलेली जमीन कातरली होती, मध्ये आलेलं कोंबडीचं शेपूट कातरलं होतं. मांडी धरून बसलेल्या आईचा अंगठा तेवढा राहून गेला होता. भिंतीवर तो आता हातभर लांब झाला होता. नखाच्या कडेला भातकापणीची चीर, चिरेत माती. सगळ्या हॉलला दिसत होता आणि कोणी पाहत नव्हतं.

“पुढची स्लाइड,” चुरी मॅडम माइकमध्ये म्हणाल्या. उमेशने ऐकलं. बोटानेही ऐकलं. पण पुढची कोणाची असणार हे त्याला ठाऊक होतं. मॅडमनी काल घरी बसून शेवटची काही चित्रं स्वतः घातली होती, आणि मॅडमची पद्धत अशी की उत्तमानंतर लगेच त्याच्या उलटचं दाखवायचं. उलटचं असं एकच होतं. रुग्ण सत्तावीस, धाकटी डहाणूची चंद्रिका. बटण दाबलं की बाप जाणार आणि त्याच्या जागी चंद्रिका येणार. हे एकदा झालं होतं. पुन्हा आपल्याच हाताने करायचं म्हणजे जरा जास्तच होतं.

अभ्यास असा होता. साखरेच्या आजाराने पाय सडला आणि गुडघ्याखाली कापायची वेळ आली, की हाडाचं उघडं टोक झाकायला मांस-कातडीची झडप ठेवावी लागते. ती ठेवायच्या दोन तऱ्हा. एकीत पोटरीचं मांस मागून उचलून पुढे आणायचं आणि नडगीवर आडवं शिवून टाकायचं. हा गट अ. दुसरीत दोन्ही बाजूंनी थोडी थोडी कातडी ओढून तिरकं शिवायचं. हा गट ब. कोणती झडप लवकर जुळते यावर जगभर मोठमोठ्या दवाखान्यांत वाद आहे, आणि स्टेशनापासून चालत जाता येईल अशा एका तीस खाटांच्या ट्रस्टच्या दवाखान्यात चुरी मॅडमनी तो मिटवायचं मनावर घेतलं होतं. सोळा ते अठरा, तीन वर्षं, चाळीस पाय. कोणाला कुठली तऱ्हा हे डॉक्टरने ठरवायचं नाही, रुग्णानेही नाही. ते नशिबाने ठरवायचं, आणि नशिबावर कोणाचा हात फिरू नये म्हणून ते खाकी पाकिटांत बंद करून वर एक ते चाळीस आकडे घालायचे. ही पाकिटं मॅडमच्या यादीवरून उमेशनेच चिकटवली होती, एका रविवारी, डिंकाची बाटली आणि ओलं फडकं घेऊन. चाळीस माणसांचं नशीब एका दुपारी चिकटवायचं काम बी.ए. तृतीय श्रेणीला तालुक्यात दुसरीकडे मिळालं नसतं.

त्याचं दुसरं काम बोलायचं. संमतीचा कागद मराठीतच होता, पण असा की तो वाचून मराठी माणसाला आपण परदेशात आलो असं वाटे. मग उमेश कागद बाजूला ठेवून भाताचं रिकामं पोतं दाखवायचा. मागचा पदर पुढे घेऊन तोंड शिवलं तर असं, दोन्ही कडा ओढून शिवलं तर असं. लोकांना पोतं कळायचं. सही किंवा अंगठा व्हायचा. त्याआधी तो, खरं तर त्याचं काम नसताना, नातेवाइकांना उरलेल्या पायाबद्दल चार शब्द सांगायचा, आणि ते चार शब्द हळूहळू इतके नामी झाले होते की नर्सेस कामं टाकून ऐकायच्या. दुखणं म्हणजे दारातलं कुत्रं, तो म्हणायचा. भुंकतं म्हणून त्याला शिव्या देऊ नका. साखरेने आधी हे कुत्रं मरतं. पाय दुखेनासा झाला, काटा लागलेला कळेना, चटका बसेना, की पाय बरा झाला म्हणून पेढे वाटू नका. कुत्रं मेलंय, आता घरात कोणीही शिरेल. मॅडमनी हे गुजरातीतही करून घेतलं होतं. सतरा सालच्या मार्चपर्यंत उमेशने हे कुत्रं वीसेक घरांत मारून दाखवलं होतं.

आणि त्या जानेवारीत त्याच्याच गावच्या शाळेत शिबिर झालं होतं. पोरांच्या बाकावर यंत्र ठेवून तो पाड्यातल्या लोकांची बोटं टोचत होता. शुक्रा रांगेत शेवटी उभा राहिला, मुलाचं काम बघायला आल्यासारखा. थेंब निघाला, यंत्राने तीनशे अठरा आकडा दाखवला. शुक्राने वाकून पाहिलं आणि विचारलं, लय आलं का? लय आलं, उमेश म्हणाला. शुक्राला बरं वाटलं. आयुष्यात त्याला कशातच लय आलं नव्हतं. गोळ्या दिल्या त्या त्याने महिनाभर घेतल्या, संपल्यावर संपल्या म्हणून थांबवल्या, आणि उमेश डहाणूत दुसऱ्यांच्या बापांचे पाय बघत राहिला. दिव्याखाली अंधार असतो म्हणतात. इथे दिवा स्वतःच अंधाराचा फोटो काढायला गेला होता, पण ते दोन महिन्यांनी.

“उमेश, पुढची घे.” मॅडमचा आवाज अजून हसतमुख होता. समोर अंगठा. त्या अंगठ्याने धुळवडीच्या सकाळी शुक्राच्या कपाळाला राखेची बोटं ओढली होती. होळी विझली तरी राखेखाली निखारे जिवंत असतात, आणि पाड्यावर नवस बोललेली माणसं, आणि नवस न बोललेली पण बायकांसमोर मिरवायची हौस असलेली पोरं, ते निखारे पळत ओलांडतात. पाच पावलं, की पलीकडे घमेल्यातलं पाणी. सोळा सालच्या धुळवडीला शुक्रा पळाला नाही. तो चालला. आणि चालता चालता मधोमध थांबून, निखाऱ्यावर दोन्ही पाय ठेवून, त्याने पलीकडच्या धोंडीला विचारलं, तंबाखू हाय का? घमेल्यापाशी हसत उभी असलेली माणसं दोन पावलं मागे सरली. पाड्याचा भगत झिपरू, जो वर्षातून एकदाच पूर्ण शुद्धीत असायचा आणि तो दिवस नेमका हा होता, पुढे आला, शुक्राचा तळवा उचलून त्याने बोटाने दाबून पाहिला आणि म्हणाला की याच्या पायात देव आलाय.

त्यानंतरचं वर्ष शुक्राचं. चिकूच्या वाडीत मुकादमाने तीस वर्षं त्याला ‘ए’ अशी हाक मारली होती. त्याचं नाव शुक्रा आहे हे मुकादमाला ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं. आता लोक सकाळी दारात येऊन बसायचे. भातरोपांच्या आवणीच्या आधी शेतात पहिलं पाऊल त्याचं पडावं म्हणून त्याला बांधावरून नेत. धोंडीची पोर वर्षभर तापाने फणफणत होती, तिच्या अंगावरून त्याने पाय फिरवला आणि ताप उतरला. तसा तो उतरायचाच होता, पण उतरला शुक्राच्या पायानंतर. घरी आलेल्या उमेशने एकदा पाहिलं, एक म्हातारी आली, वाकली आणि तिने शुक्राच्या अंगठ्यावर डोकं टेकलं, आणि शुक्रा अवघडून छपराकडे बघत राहिला, बस चुकलेल्या माणसासारखा. म्हातारी गेल्यावर तो मुलाला हळूच म्हणाला, “सगळ्यांना चटका बसतो. मना नाय बसत. काय तरी असंल ना?” असेल, उमेश म्हणाला होता. तेव्हा त्याला साखरेचं माहीत नव्हतं. हे त्याने पुढे स्वतःला पुष्कळदा सांगितलं, आणि खरं तेवढं तेच होतं.

सतराच्या धुळवडीला मात्र माहीत होतं. तीनशे अठरा हा आकडा त्याच्याच अक्षरात शिबिराच्या वहीत होता. सकाळी पावणेआठ वाजले होते. शेजारच्या पाड्यांवरूनही माणसं आली होती, पार गुजरातच्या हद्दीपलीकडून दोन टेम्पो आले होते. शुक्राने पांढरी बंडी घातली होती, गळ्यात झेंडूची माळ होती, आणि तो राखेच्या कडेला उभा होता. उमेशला तो इतका उंच कधी दिसला नव्हता. वाक्य जिभेवर होतं. नेहमीचंच, कुत्र्याचं, वीस घरांत बोलून बोलून त्याला तालीमसुद्धा लागली नसती. फक्त पुढे व्हायचं, बापाचा दंड धरायचा आणि दोनशे माणसांसमोर सांगायचं की हा देव नाही, ही साखर आहे, घरी चला. असं सांगितलं असतं तर काय झालं असतं? शुक्रा पुन्हा ‘ए’ झाला असता. पाय राहिला असता आणि माणूस खाली बसला असता. पण हा हिशोब उमेशने त्या वेळी मांडला होता का, हे त्याला नक्की सांगता येत नाही. मागाहून असे हिशोब फार सुबक मांडता येतात. त्या वेळी त्याच्या हातात नवा मोबाइल होता. शुक्राने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. लहान पोर झाडावर चढण्याआधी बापाकडे बघतं तसं.

“काढतोस ना?” शुक्राने विचारलं.

“काढतो,” उमेश म्हणाला.

एक मिनिट बारा सेकंद. या वेळी शुक्रा मधोमध मुद्दाम थांबला, कारण लोकांना तंबाखूचं माहीत होतं आणि ते वाट बघत होते. त्याने तंबाखू मागितली. लोक हसले आणि हसता हसता हात जोडले. उमेशही हसला, व्हिडिओत चित्र एकदा हलतं ते त्यामुळे. त्याच जागी, हसण्याच्या खाली, बारीक चर्र असा आवाज आहे. तव्यावर पाण्याचा थेंब पडावा तेवढाच. तो त्याला पुष्कळ महिन्यांनी, कानात वायरी घालून ऐकताना सापडला.

देवाच्या पायाला फोड आला हे सांगायचं कोणाला? शुक्राने ते कोणालाच सांगितलं नाही. बायकोला, तानीलाही सांगितलं नाही, आणि ती त्याच्याबरोबर एकाच घोंगडीत झोपायची. पाला वाटून लावला, वर फडकं बांधलं, फडक्यावर मोजा चढवला, आणि पायात देव असलेल्या माणसाने मोजा घालणं लोकांना योग्यच वाटलं. दुखत नव्हतं, ही सगळ्यात मोठी अडचण. पाऊस लागला, आवणीला पहिलं पाऊल टाकायला बोलावणी आली; तो गुडघाभर चिखलात उतरला, एका शेतात नाही, अकरा शेतांत. ऑगस्टमध्ये उमेश घरी आला तेव्हा अंगणात चप्पल काढताना त्याला वास आला. हा वास त्याला वॉर्डातून ओळखीचा होता. इतका, की पहिल्या क्षणी त्याच्या मनात आलं, अरे, हा इथे कसा, जसं ऑफिसातलं कोणी गावात अचानक भेटावं. मग त्याला कळलं की तो कुठून येतोय. आत शुक्रा जेवत होता. मुलाला पाहून तो ताटातला भात पुढे करत म्हणाला, ये, बस.

पाय गुडघ्याच्या वर कापायचा की खाली, हे पाहायला मॅडमना दोन दिवस लागले. गुडघा राहिला तर माणूस नकली पायावर उभा राहतो, शेतात उकिडवा नाही तरी बांधावर बसतो. गुडघा गेला तर उधव्याच्या चढउतारात तो बाजेचाच. मॅडम म्हणाल्या, गुडघा वाचेल, पण झडप जुळली पाहिजे. नाही जुळली तर पुन्हा वर कापावं लागेल. म्हणजे सगळं झडपेवर आलं. आणि झडप पाकिटात होती. टेबलाच्या खणात सत्तावीस आकड्याचं पाकीट वर होतं. ते उमेशने चिकटवलं होतं आणि यादी त्याला पाठ होती: सत्तावीस अ, अठ्ठावीस ब. त्याच्या स्वतःच्या वहीत, जी कोणी मागितली नव्हती, तोवरच्या सव्वीस जणांचा ताळा होता: गट अ मध्ये चार झडपा उसवल्या, ब मध्ये दोन. एवढ्यावरून काहीही सिद्ध होत नाही, हे मॅडमनी त्याला तीनदा समजावलं होतं आणि त्याला ते पटलंही होतं. लोकांच्या बापांच्या बाबतीत ते अजूनही पटतं. त्याने अठ्ठावीस उचललं. पाकिटं डिंकाने एकमेकांना चिकटली होती असं सांगायचं त्याने ठरवून ठेवलं होतं. कोणी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी धाकट्या डहाणूहून साठीची चंद्रिका आली, सुकी मासळी विकणारी, तोंडाने तिखट, आणि खणात सत्तावीस तिची वाट बघत होतं. उमेशने तिला पोतं दाखवलं. ती म्हणाली, पोतं राहू दे रे, माझा पाय मला दिसतोय.

चोवीस ऑगस्टला शुक्राचा पाय गेला. शुद्धीवर आल्यावर त्याने काही विचारलं नाही. विचारलं तानीने, दोन दिवसांनी, दवाखान्याच्या जिन्यात उमेशला गाठून. तिला वाटलं होतं पाय बाहेर आणून देतील. तिने पाड्यावरून नवं लुगडं मागवलं होतं, तो गुंडाळायला. उमेशने सांगितलं की असे अवयव पिवळ्या पिशवीत घालतात, पिशवीची गाडी येते, गाडी नेऊन जाळते. तसा नियम आहे. तानीने नियम ऐकून घेतला. “त्या पायाच्या पाया पडलीत माणसं,” ती म्हणाली. “धोंडीच्या पोरीला त्यानं गुण आला. अन् तू तो पिशवीत घातलास?” मी नाही घातला, उमेश म्हणाला, आणि हे खरं होतं, पिशवीवरच्या चिठ्ठीवर तारीख तेवढी त्याने लिहिली होती.

झडप अशी जुळली की मॅडम राउंडला शिकाऊ डॉक्टरांना घेऊन यायच्या. त्याच वॉर्डात पडद्यापलीकडे चंद्रिकाची नवव्या दिवशी उसवली. पुन्हा कापली, पुन्हा शिवली, ताप चढला, दोनदा तिच्या सुना रडायला बाहेर गेल्या. गुडघा वाचला तो वाचला. तिसऱ्या महिन्यात ती बरी झाली, पण तोवर साठ दिवस उलटले होते, त्यामुळे तिच्या नावापुढे ‘जखम भरली: नाही’ असं कायमचं लागलं. आता ती नकली पाय लावून बाजारात बसते. सोमवारी उमेश तिकडून गेला की ती लांबून हाक मारते, ये रे पाकीटवाल्या, तुझ्या चिठ्ठीने मला दोनदा फाडलं, निदान बोंबील तरी घे. तो घेतो. खोलीवर बोंबलांचा ढीग झाला आहे. मग ती विचारते, तुझा बाप कसा आहे? आणि उमेश म्हणतो, बरा आहे.

तसा तो आहेच. साठाव्या दिवशी, तेवीस ऑक्टोबरला, उमेश कॅमेरा घेऊन उधव्याला गेला तेव्हा तो इतका बरा होता की त्याने खुंट स्वतः उचलून धरला. तानीने मांडीला हात दिला तो उगीच. फोटो झाल्यावर शुक्राने विचारलं, लय आलं का? सगळ्यांत जास्त, उमेश म्हणाला. तेवढ्यावर उठून निघाला असता तर पुढचं काही घडलं नसतं, किंवा घडलंच असतं पण वेगळ्या कारणाने. शुक्रा खुंटावरून हात फिरवत म्हणाला की झिपरू म्हणतो, देव पायाबरोबर गेला. आता लोक येत नाहीत, त्याचं काही नाही. पण देवाला आपण असं कसं तोडून दिलं, याचा त्याला घोर लागला होता. पाप लागेल का, असं त्याने मुलाला विचारलं. शिकलेला म्हणून. आणि बापाच्या मनातलं तेवढं ओझं तरी उतरवावं म्हणून उमेशने त्याला सांगितलं की देव गेला नाही, कारण देव आलाच नव्हता. साखर होती. मग त्याने कुत्र्याचं सगळं सांगितलं, पहिल्यापासून, जसं वॉर्डात सांगायचा तसं, आवाजाच्या त्याच चढउतारांनी. ते फार चांगलं झालं. शुक्राने नीट ऐकलं. कोंबडी बाजेखाली आली, ती त्याने हाकलली नाही.

“म्हंजे तुना तवाच ठावं होतं?” त्याने विचारलं.

“हो.”

“मंग इडिओ कशाला काढला?”

तो रागावला नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. शुक्राने मग व्हिडिओ बघायला मागितला. एकदा पूर्ण पाहिला, मोबाइल डोळ्यांपासून लांब धरून. तंबाखूच्या जागी तो थोडा हसला. मोबाइल परत देताना म्हणाला, बंडी चांगली दिसते. पुढचे तीन दिवस तो जेवला, झोपला, शेजारी कापणीचं काय चाललंय ते विचारत राहिला. मॅडम नंतर म्हणाल्या की हृदय. साखर आधी हृदयाचंही कुत्रं मारते, छातीत दुखतसुद्धा नाही, तू स्वतःला दोष देऊ नकोस. पण मॅडमनी हे कशाबद्दल म्हटलं ते सांगायचं कारण नाही, कारण आपण धरून चाललो आहोत की शुक्रा बरा आहे. वहीत ‘जखम भरली: होय’ असं उमेशनेच लिहिलं. ‘इतर नोंदी’ या रकान्यात मॅडमनी बारीक अक्षरात दोन शब्द घातले: मुदतीनंतर, असंबंधित.

“उमेश.” मॅडम व्यासपीठावरून उतरून त्याच्या टेबलापाशी आल्या होत्या. माइकवर हात ठेवून त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, “बाबांची मुद्दाम ठेवली मी. चाळिसांत सगळ्यांत सुंदर तीच आहे. तुला बरं वाटेल असं वाटलं.”

“बरं वाटलं, मॅडम,” उमेश म्हणाला.

त्यांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं, वाकल्या आणि बटण स्वतः दाबलं. अंगठा गेला. चंद्रिका आली, उसवलेली, तांबडीलाल. पुढच्या रांगेतल्या डॉक्टरने ‘अरेरे’ असं म्हटलं. मग आकडे आले, उभ्या आडव्या रेघा आल्या, आणि शेवटच्या चित्रात अभ्यासाचा निष्कर्ष आला. चाळीस पायांवरून असं दिसतं की जखम भरण्याच्या बाबतीत गट अ आणि गट ब यांत नोंद घ्यावी असा काहीही फरक नाही. दोन्ही पद्धती सारख्याच चांगल्या आहेत. टाळ्या या वेळी सगळ्यांनी वाजवल्या. उमेशनेही वाजवल्या. मग लोक जेवायला उठले. पापलेट होतं. वापीचा एक डॉक्टर ताट घेऊन त्याच्यापाशी आला आणि म्हणाला, फोटा बहु सरस, कोणता कॅमेरा? मोबाइलच, उमेशने सांगितलं. तोच का, डॉक्टरने विचारलं, आणि मोबाइल हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला.

जेवणं चालू असताना उमेश मागच्या व्हरांड्यात गेला. तिथे खोक्यात उरलेले संमतीचे कोरे कागद होते. त्यातला एक त्याने पाठकोरा घेतला, गुडघ्यावर ठेवला आणि शाळेत शिकवल्याप्रमाणे उजवीकडे तारीख घालून लिहायला घेतलं. अक्षर त्याचं पहिल्यापासून चांगलं.

प्रति, मा. अध्यक्ष, संशोधन नीती समिती, यांस. विषय: रुग्ण क्र. २८ यांचा गट बदलून मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करतो की, रुग्ण क्र. २७ व २८ यांच्या पाकिटांची खाली सही करणाराने अदलाबदल केली असून त्यामुळे निष्कर्षात कोणताही फरक पडलेला नाही, हे आजच्या सभेत सिद्ध झाले आहे. सबब त्याबाबत काही म्हणणे नाही. तथापि सदर अभ्यासात दोनच गट ठेवण्यात आल्याने रुग्ण क्र. २८ यांना योग्य गट उपलब्ध होऊ शकला नाही. तरी कृपया ‘गट क: पाय शाबूत’ असा स्वतंत्र गट निर्माण करून रुग्ण क्र. २८, शुक्रा, राहणार उधवा, यांना दिनांक १३ मार्च २०१७ रोजी सकाळी पावणेआठपासून पूर्वलक्षी प्रभावाने त्या गटात वर्ग करण्यात यावे, व तसे झाल्याचे लेखी कळविण्यात यावे, ही नम्र विनंती.